इस्त्री केलेलं विमान

विमानात बसायच्या आधी इंगवले काकांनी चपला काढल्या आणि भिंतीला लावून ठेवल्या.

"काका, अहो हे खरं विमान नाही," तनया म्हणाली.

"ते मला सांगतेस होय? खऱ्या विमानात बूट घालून बसायचो. हे तुझ्या घरचं आहे, म्हणून काढल्या."

पंच्याऐंशी वर्षांचे स्क्वाड्रन लीडर अजितसिंह इंगवले, निवृत्त, अनवाणी पायांनी त्या लाकडी खोक्यात चढले. खोक्यात एक हलणारी खुर्ची होती, समोर दांडा, पायाशी पॅडल आणि डोळ्यांपुढं अर्धगोल पडदा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एके काळी जिथं लेथ मशीन घरघरायची त्या शेडमध्ये, तनया माळकर जुनी लढाऊ विमानं बनवायची. पत्र्याची नव्हेत. घरात बसून संगणकावर विमान उडवणारे हौशी लोक जगभर पसरलेले आहेत. त्यांच्या सिम्युलेटरमध्ये जोडता येईल असं एकेक जुनं विमान ती तयार करायची आणि विकायची. विमानाचा आकार, आवाज, काटे, वळताना जाणवणारं वजन, सगळं जसंच्या तसं हवं. या धंद्यातलं गिऱ्हाईक म्हणजे भलतीच जमात. संसारात लक्ष नसेल, पण पंखावरचे रिव्हेट मोजून ठेवलेले असतात. एखाद्या बटणाचा लाल रंग जरा जास्त लाल झाला, की पानभर तक्रार आलीच म्हणून समजा.

तनयाला हे वेड लावलं ते इंगवले काकांनीच. ते शेजारी राहायचे. ती शाळेत असताना त्यांनी तिच्या हातात पहिल्यांदा जॉयस्टिक दिली. पुढं तिनं केलेलं प्रत्येक विमान आधी काका उडवायचे आणि ते "हां, जमलंय" म्हणेपर्यंत ती ते विकायला काढत नसे. काकांनी एकच विमान तिच्याकडे कधी मागितलं नव्हतं. ते म्हणजे शिक्रा.

शिक्रा हे दोन माणसांचं छोटं जेट. थोडीशीच बनली आणि लवकरच बंद झाली. १९८६ साली काका मागच्या सीटवर शिक्षक होते आणि पुढं प्रदीप कारखानीस नावाचा बावीस वर्षांचा शिकाऊ वैमानिक होता. सूर मारून विमान वर घेताना शेपटी तुटली. काका हवाई छत्रीनं खाली आले. प्रदीप आला नाही.

चौकशी समितीनं ठरवलं की शिक्षकानं दांडा गरजेपेक्षा जोरात ओढला. काकांचं म्हणणं होतं, मी ओढण्याआधीच शेपटी थरथरायला लागली होती. त्याला पुरावा कुठला? त्यांचं उडणं बंद झालं. आता २०४३ उजाडलं होतं, आणि ही सत्तावन्न वर्षं हा माणूस एकच वाक्य बोलत आला होता, "आधी थरथरली, मग मी ओढलं." ऐकणारे मान हलवायचे आणि विषय बदलायचे.

मग धातुवाचन आलं.

धातू वरून दिसतो गुळगुळीत, पण आतून तो बारीक स्फटिकांचा बनलेला असतो आणि त्या स्फटिकांमध्ये अणूंच्या रांगा असतात. धातूला धक्का बसला की या रांगा किंचित सरकतात आणि पुन्हा पहिल्या जागी येत नाहीत. ओल्या पाणंदीतून गाड्या गेल्या की चाकोऱ्या उमटतात आणि कोणती चाकोरी कोणत्या चाकोरीवरून गेली हे नीट बघणाऱ्याला सांगता येतं, तसंच हे. धातू न कापता, न वितळवता या सगळ्या खुणा क्रमानं वाचणारं यंत्र काही वर्षांपूर्वी निघालं. विमानाच्या एका तुकड्यावरून त्यानं जन्मभर सोसलेले ताण कळू लागले, आणि त्या ताणांवरून ते हवेत कसं वागत होतं याचं गणित मांडता येऊ लागलं. इतके दिवस तनयासारखे लोक जुन्या पुस्तिका वाचून आणि म्हाताऱ्या वैमानिकांना विचारून विमान बनवायचे. आता विमानालाच विचारता येत होतं.

काकांच्या शिक्राची तुटकी शेपटी आणि मधला सांगाडा एका विमान संग्रहालयाच्या गोदामात पडून होता. तनयानं परवानगी काढली, वाचन करून आणलं, नेहमीप्रमाणे त्यातल्या आकड्यांना इस्त्री करून ते साफसूफ केले आणि वर्षभर राबून शिक्रा उभं केलं. संग्रहालयानं कळवलं की आम्ही याला अधिकृत प्रतिकृतीचं प्रमाणपत्र देऊ.

काकांनी एकच अट घातली. पहिल्या उड्डाणाला प्रदीपची बहीण हजर पाहिजे.

शैलजाताई कारखानीस सांगलीहून आल्या. भाऊ गेला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. इंगवले हे नाव त्यांच्या घरात कुणी उच्चारत नसे. शेडच्या कोपऱ्यात त्या खुर्चीच्या कडेवर ताठ बसल्या होत्या. त्यांनी पाण्याचा ग्लाससुद्धा हातात घेतला नव्हता.

"बघा हं आता," खोक्यातून काकांचा आवाज आला. आवाजात लहान मुलाची घाई होती. "सूर मारतोय. वेग वाढतोय. आता... आता थरथरेल."

विमान थरथरलं नाही. अलगद वर आलं.

काकांनी पुन्हा उंची घेतली. पुन्हा सूर मारला, या खेपेला जास्त वेगात. "आता," ते म्हणाले. काही झालं नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी दांडा जोरात ओढला. कडकन आवाज झाला, शेपटी तुटली आणि पडद्यावर जमीन गरगरायला लागली. समितीनं म्हटलं होतं तसंच, आणि तिथंच.

त्या क्षणी तनयाला वाईट वाटलं, हे खरं. पण शेपटी अगदी नेमक्या जागी तुटली याचा तिला आनंदही झाला, हेही तितकंच खरं.

काका खोक्यातून उतरले. त्यांना उतरायला वेळ लागला. शेडच्या कोब्यावरून अनवाणी चालत ते शैलजाताईंपाशी गेले आणि कुणाला काही कळायच्या आत खाली वाकले.

"चूक माझीच होती, ताई. इतकी वर्षं मी खोटं सांगत आलो. खोटं सांगतोय हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच."

"उठा," शैलजाताई म्हणाल्या. "अहो, उठा आधी. तुमचं वय काय, माझं काय..."

तनया आणि शेडमधला तिचा साथीदार इम्तियाज यांनी त्यांना दोन्हीकडून धरून उठवलं.

त्यानंतर काका बदलले. म्हणजे वरून तसेच होते, सकाळी फिरायला जायचे, भाजी आणायचे. पण फ्लाइंग क्लबमध्ये पोरांना विमानाच्या गोष्टी सांगायला जाणं त्यांनी बंद केलं. तनयाच्या शेडवर येणंही बंद झालं. ती घरी गेली की म्हणायचे, "तुझं विमान उत्तम आहे गं. खरं ते खरं." आणि चहा ठेवायला उठायचे. एका वार्ताहरानं तनयाला या प्रकाराबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "माणसाची आठवण चुकते. धातू खोटं बोलत नाही." वाक्य झकास होतं. मथळ्यात छापून आलं. काकांनी ते कात्रण स्वतः आणून तिला दिलं.

शिक्रा धडाक्यात खपलं. रिव्हेट मोजणाऱ्यांनीसुद्धा पाच तारे दिले. "किती मऊ उडतं!" असं बहुतेकांनी लिहिलं होतं.

इम्तियाज मुजावर हा तनयाचा आवाजवाला. विमानांचे आवाज तो करायचा आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. शिक्राच्या पुढच्या आवृत्तीसाठी त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. धातुवाचनातले ताणाचे आकडे सरळ स्पीकरमधून वाजवले तर? विमानाच्या हाडांचा आवाज ऐकू येईल.

"तनू, इकडं ये की. कसलं लई भारी घुमतंय बघ!"

तिनं हेडफोन लावला. आधी इंजिनाची घरघर आली, मग वाऱ्याचा सपकारा. मग खालून एक गुरगुर सुरू झाली आणि वाढत, वाढत गेली, आणि शेवटी कडकन तुटल्याचा आवाज आला.

"हे काय वाजवलंस?"

"शेपटी. शेवटचं उड्डाण. ती गुरगुर ऐकलीस? अंगावर काटाच येतोय बघ."

"ही आकडेवारी कुठली घेतलीस?"

"मूळ फाइल. तुझी इस्त्री मारलेली घेतली न्हाई. तिच्यात आवाजच न्हाई राहत काही."

तनयानं हेडफोन काढला.

इस्त्री हे त्यांच्या शेडमधलं नाव. सिम्युलेटर उडवणारा माणूस सगळं सहन करतो, पण पडद्यावरची थरथर सहन करत नाही. विमान जरा हललं की त्याला वाटतं आपला संगणक अडखळतोय, आणि दोष विमान बनवणाऱ्याला देतो. तनयाचं पहिलंवहिलं विमान अशाच तक्रारींनी झोपलं होतं. तेव्हापासून आकडे हाती आले, की त्यांतली बारीक बारीक थरथर पुसून टाकणारी चाळण ती आधी लावायची, मग आकड्यांकडे बघायची. या धंद्यात सगळेच लावतात. कापड आलं की आधी इस्त्री, मग घडी. त्या चाळणीत नेमकं काय पुसलं गेलं हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

आता पाहिलं. हवा वेगानं शेपटीवरून जाते तेव्हा शेपटी थोडी वाकते आणि परत येते. तिचं हे वाकणं आणि हवेचं ढकलणं यांची लय एका ठराविक वेगाला जुळली, तर झोपाळ्याला बरोबर वेळेवर झोका दिल्यासारखं होतं. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. ही फडफड काही क्षणांत धातू तोडू शकते. मूळ आकड्यांमध्ये ती फडफड स्वच्छ दिसत होती. ती आधी सुरू झाली होती. दांडा नंतर ओढला गेला होता, आणि तोही समितीनं म्हटलं होतं त्याच्या निम्म्या जोरानं. तोवर शेपटी आतून फाटलेली होती.

काका खरं बोलत होते. पहिल्या दिवसापासून.

"मग सांगू या की काकास्नी," इम्तियाज म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "आत्ता जाऊ. चल."

"थांब जरा."

"का?"

"परवा पुण्यात प्रमाणपत्राचा समारंभ आहे. आत्ता हे बाहेर आलं तर संग्रहालयाची शोभा होईल. धातुवाचनावरचाच लोकांचा विश्वास उडेल. समारंभ होऊ दे. मग नीट, शांतपणे सुधारित आवृत्ती काढू. काकांना मी स्वतः सांगेन."

हे बोलताना तिला स्वतःचंच म्हणणं पटत होतं. वाईट काम करताना माणसाला कारणं किती पटापट सुचतात! इम्तियाजनं हेडफोनची वायर गुंडाळून खिशात टाकली.

समारंभाला काका येतील असं तिला वाटलं नव्हतं. ते आले. कोट घालून, एसटीनं, एकटे. शेवटच्या रांगेत बसले. संग्रहालयाचे संचालक म्हणाले, "या तरुणीनं एका जुन्या वादाचा कायमचा निकाल लावला. सत्य कितीही कटू असो, ते पुढं आणायला धाडस लागतं." टाळ्या पडल्या. तनयानं प्रमाणपत्र घेतलं आणि नको नको म्हणत तिची नजर शेवटच्या रांगेकडे गेलीच. काका दोन्ही हात वर धरून टाळ्या वाजवत होते, तिला दिसावं म्हणून.

तिथंच ती बोलू शकली असती. समोर माईक होता. ती म्हणाली, "सगळ्यांचे आभार."

जेवताना काका तिच्या पाठीवर थोपटून गेले. "माझ्यामुळं तुझ्या कामाला बोल लागेल की काय, याची मला काळजी होती," ते म्हणाले. लाजेनं जीव नकोसा होतो म्हणतात तो कसा, ते तिला त्या दिवशी समजलं. तरी तिनं तोंड उघडलं नाही.

परतीच्या वाटेवर इम्तियाज गाडी चालवत होता. कराडच्या पुढं म्हणाला, "पुढच्या विमानाला मला धरू नकोस."

"इम्तियाज..."

"टाळ्या वाजवत होते ते, तनू. मी बाजूलाच बसलोतो. माझा हात धरून म्हणले, बघ आपली पोरगी." त्यानं डोळे पुसले नाहीत, समोर बघत गाडी हाकत राहिला. "मी बी गप बसलो. मला माझीच लाज वाटाय लागलीय. तुझी तर वाटतीयाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकांच्या घरी गेली. दार उघडंच होतं. आत शैलजाताई बसल्या होत्या. त्यांनी सांगलीहून भडंग आणलं होतं आणि काका ताटलीत कांदा चिरत होते. त्या उड्डाणानंतर त्या अधूनमधून येत असत हे तनयाला ठाऊक होतं, पण आज इथं भेटतील अशी तिची कल्पना नव्हती. क्षणभर तिला वाटलं, उद्या यावं. मग तिला स्वतःचा इतका संताप आला, की ती उभ्या उभ्याच बोलायला लागली.

तिनं सगळं सांगितलं. इस्त्री म्हणजे काय, तिनं काय पुसलं, आधी काय घडलं आणि नंतर काय. लॅपटॉप उघडून तिनं ती गुरगुर लावली.

काकांच्या हातातली सुरी थांबली.

"हो," ते म्हणाले. "हाच. हाच होता."

आवाज संपला. कुणी तो पुन्हा लावायला सांगितलं नाही.

"तुला कधी कळलं?" काकांनी विचारलं.

काल, असं म्हणता आलं असतं. "समारंभाच्या आधी," ती म्हणाली.

"म्हणजे मी टाळ्या वाजवत होतो तेव्हा तुला माहीत होतं."

"हो काका."

काकांनी सुरी ताटलीत ठेवली. "समितीत मोठमोठी माणसं होती," ते सावकाश म्हणाले. "हुद्द्यानं मोठी, अभ्यासानं मोठी. त्यांनी मला दोषी म्हटलं. मी एक दिवससुद्धा मानलं नाही. बायको म्हणाली, आता सोडा तो विषय. तरी नाही मानलं. तू तर काही म्हणालीसही नाहीस. नुसतं विमान आणून ठेवलंस, आणि अर्ध्या तासात मी मान्य करून मोकळा झालो. ते तू बनवलं होतंस ना, म्हणून."

तनयाला रडू फुटलं. तिनं ते आवरलं, कारण इथं रडून सहानुभूती मागायचा आपल्याला काही अधिकार नाही असं तिला वाटलं.

"मी यांना माफ केलं," शैलजाताई अचानक म्हणाल्या. त्या तनयाकडे बघत नव्हत्या. "गेल्या महिन्यात, याच खोलीत. मोठ्या मनानं. घरी गेल्यावर मला माझंच कौतुक वाटत होतं, की बघा, आपण इतक्या वर्षांचा राग सोडला. देवापुढं दिवा लावला मी त्या दिवशी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ज्यानं काही केलंच नव्हतं त्याला मी माफ केलं. आणि हे हात जोडून ऐकत होते. आता त्या माफीचं मी काय करू, तनया?"

"मी आजच सगळ्यांना कळवते," ती म्हणाली. "संग्रहालयाला, पेपरवाल्यांना. प्रमाणपत्र परत करते. विमान विक्रीतून काढते."

"ते करायलाच पाहिजे," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "आज कर. उद्यावर टाकू नकोस. आता तू जा, पोरी."

पुन्हा कधी येऊ, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं विचारलं नाही. लॅपटॉप मिटून ती दाराकडे निघाली.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शैलजाताईंनी आपली खुर्ची काकांच्या जवळ ओढून घेतली होती.

"इंगवले साहेब," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. पहिल्यापासून सांगा मला. थरथर सुरू झाली तेव्हा प्रदीप काही बोलला का?"

काकांनी घसा साफ केला. सत्तावन्न वर्षांत हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

"बोलला होता," ते म्हणाले.

प्रदीप काय बोलला ते तनयाला ऐकायचं होतं. पण ते ऐकण्याचा हक्क तिचा राहिला नव्हता, एवढं तिला कळत होतं. तिनं बाहेर येऊन दार ओढून घेतलं.